गेटपास

"तुमचं-आमचं नातं अगदी घरच्यासारखं आहे," असं म्हणत एचआरच्या मॅडमनी काचेचं मानचिन्ह गार्ड पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या हातात ठेवलं. त्यावर 'उत्कृष्ट सहयोगी' अशी अक्षरं कोरलेली होती. टाळ्या झाल्या, फोटो झाला, मंडळी पांगली. मग मॅडमनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा पुढे सरकवला.

"एक छोटंसं काम होतं. गेटवरचा तो वयस्कर गार्ड उद्यापासून नको. काल त्याने मोठ्या साहेबांची गाडी अडवली. डिकी उघडायला लावली."

"मॅडम, डिकी बघायचा नियम तर आपल्याच ऑफिसचा..."

"नियम आहे हो. पण माणसाने माणूस ओळखायला नको?" त्या हसल्या. "पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट नव्याने व्हायचंय. उगाच कटकट कशाला?"

त्याने कप खाली ठेवला. तो गार्ड त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. नातेवाईक कामावर लावायचे नाहीत ही कंपनीची अट, म्हणून सहा वर्षांपूर्वी फॉर्मवर 'नाते : नाही' असं त्यानेच लिहून दिलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार? ह्या एकुलत्या एका कंत्राटावर चाळीस घरं चालत होती. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दादाला दुसरीकडे कोण घेणार होतं?

"होऊन जाईल, मॅडम," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की त्याची त्यालाच किळस आली.

जिना उतरताना दादाला काय सांगायचं ते त्याने तीनदा जुळवलं. गेटवर बाहेर पडणाऱ्यांची रांग होती. दादाने चारचौघांत करायचा तो कडक सॅल्यूट ठोकला आणि नेहमीप्रमाणे पिशवी उघडून बघितली. मानचिन्ह बाहेर काढलं, अक्षर न् अक्षर वाचलं, बाहीने पुसलं. त्याचा चेहरा फुलून आला.

"आधी आईला दाखव," तो हळूच पुटपुटला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कंत्राटदाराला झालं.

दादाने एकदम आवाज चढवला. "साहेब, ह्याचा गेटपास?"

"अरे, बक्षीस आहे ते."

"असेल. वस्तू आतून बाहेर जातेय. पास लागतो."

"दादा, ऐक ना..."

रांगेतल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. दादाने डोळे वटारले. गेटवर नातं काढायचं नाही, हे दोघांत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. कंत्राटदार एक पाऊल मागे सरला. जुळवलेलं सगळं आतल्या आतच राहिलं.

दादाने मानचिन्ह चौकीतल्या टेबलावर, आपल्या डब्याशेजारी जपून ठेवलं आणि रजिस्टरात नोंद केली.

"काळजी करू नका, साहेब," तो म्हणाला. "उद्या पास घेऊन या. मी आहेच इथे."