पात्याएवढी गॅप

अनिसाचा हात कोपरापर्यंत इंजिनात गेला आणि दारातली सगळी पाहुणेमंडळी माना पुढं काढून बघायला लागली. मघाशी ह्याच हाताची नखं उलटसुलट बघून मुलाच्या आईनं, बिबीजाननं नाक मुरडलं होतं. "पोरगी चांगली हाय, कासीमभाई. पण गॅरेजात राबलेली सून आमच्या मुबीनला नको." चहाचे कप अर्धेच ठेवून माढ्याची मंडळी उठली. आणि घ्या! त्यांची गाडी सुरूच होईना.

"बेटा, तुझाच हात जातो तितं," कासीम खालमानेनं म्हणाला. इंजिनाचा वेग टिपणारा सेन्सर गेला होता. त्यानं नवा आणला, पण सेन्सरचं टोक आणि आतल्या चाकाचा दाता यांच्यामधे फट मोजायच्या गेजच्या पातळ पात्याएवढी गॅप राखायची होती. तेवढ्या अडचणीच्या जागेत त्याच्या जाड बोटांना ती साधेना.

अनिसानं पातं आत सरकवलं. बघायला येणार म्हणून शिवलेल्या ड्रेसच्या बाहीला काळं लागलं. अस्सा राग आला तिला! वाटलं, गॅप जरा जास्तच ठेवावी. इथं गाडी सुरू होईल, आणि मोहोळच्या पुढं तापली की बसेल रस्त्यात. बसू दे बाईला उन्हात. सेन्सरचा स्क्रू अजून सैल होता, कुणाला काय कळणार होतं?

मुबीन मोबाइलचा उजेड धरून उभा होता. "जमंल न्हवं?" त्यानं हळूच विचारलं. आईपुढं मघाशी त्याच्या तोंडून एवढंसुद्धा निघालं नव्हतं.

तिनं पातं पुन्हा ओढून बघितलं. किंचित अडत, पण सरळ आलं. तिनं स्क्रू आवळला. अब्बांच्या हातची गाडी रस्त्यात बंद पडली, असं कुणी म्हणायला नको.

एका सेल्फात गाडी सुरू झाली. बिबीजान खुलली. "लई गुणाचा हात हाय गं पोरीचा!" म्हणत तिनं अनिसाचा हात हातात धरला, आणि गाडीत बसल्या बसल्या आपली बोटं रुमालाला खसाखसा पुसली.

गाडी शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावरून वळली. आवाज एकसारखा येत होता, कुठंही तुटत नव्हता. बापलेक दोघं ऐकत उभी राहिली.

"गॅप बरोबर बसली न्हवं?" कासीमनं विचारलं.

"बसली की, अब्बा." अनिसा बाहीवरचं काळं चोळत होती. "आता न्हाईत ते परत यायचे."