सायलेन्सरपुढचा धागा

सुकलालची जुनी व्हॅन पीयूसीत तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा सुरतेत कतारगामच्या लूमवर बावीस वर्षं काढलेल्या त्या माणसानं इंजिन स्वतःच तपासायला घेतलं. सायलेन्सरच्या तोंडापुढं त्यानं साडीचा एक धागा टांगला. इंजिन धड असेल तर धागा बाहेर उडतो. वॉल्व्ह जळला असेल तर आत ओढला जातो.

धागा आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला, सावकाश.

"बंद कर गाडी," तो बायकोला म्हणाला.

"बंदच शे," मंगला म्हणाली. "चावी मना हातमा शे."

गल्लीत वारा नव्हता. सुकलालनं श्वास रोखला. धागा थांबला. त्यानं श्वास सोडला. धागा बाहेर आला.

तो मागं सरत सरत पार बॉनेटपाशी गेला. तेव्हा त्याला आठवलं. पुढची तपासणी त्यानंच मंगलाला सकाळी समजावली होती: मी बॉनेटपाशी गेलो की सायलेन्सरमध्ये ओला बोळा कोंब, मग गाडी चालू कर; धूर कुठून गळतो ते कळेल.

"नको" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण श्वासच बाहेर पडेना.

"दाबी दिधा मी बोळा, घट्ट!" मागून मंगला ओरडली. "आते चालू करू ना? ओ, बोला ना!"