कनातीतला आवाज

"शेवंताबाई, तुमच्या तमाशाच्या व्हिडिओ टेपवरचा आवाज बुरशीनं खाल्लाय, पण चित्र शाबूत आहे," संग्रहालयाच्या मंदाकिनी टिळेकर म्हणाल्या. शेवंताबाईंनी नुसती मान हलवली. एकेकाळी फड गाजवणारा त्यांचा गळा घशाच्या ऑपरेशननंतर कायमचा मुका झाला होता.

वीस वर्षांपूर्वी या बुरशी लागलेल्या टेपा संगणकावर उतरवताना संग्रहालयाचे साहेब मंदाकिनींवर वैतागले होते. "असल्या धूसर चित्रांना एवढी जागा? फाइल लहान करा, डोळ्यांना फरक कळत नाही!"

"डोळ्यांना नाही कळत साहेब, पण एकदा गाळलेलं परत मिळत नाही," असं म्हणून त्यांनी चित्रातला कणही न सोडणारा फॉरमॅट निवडला. त्यापायी त्यांची बढती हुकली.

आज नवं यंत्र चित्रातली कनात, गाणाऱ्या शेवंताबाईंच्या मागची तंबूची कापडी भिंत, वाचू लागलं. त्यांच्या गाण्यानं तिचं कापड डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक हललं होतं, आणि त्या हालचालीतूनच यंत्र आवाज परत उभा करत होतं. आधी नुसती खरखर आली, मग ढोलकी, आणि मग एक खणखणीत, तरणा आवाज खोलीभर घुमला.

शेवंताबाई ताडकन उठल्या. पदर खोचून त्यांनी स्वतःच्याच गाण्यावर ठेका धरला.

मंदाकिनींनी आवाज आणखी मोठा केला. संग्रहात अशा मुक्या झालेल्या चारशे टेपा होत्या, आणि त्यांतल्या एकीचाही कण त्यांनी गाळू दिला नव्हता.