उबेवरचं बी

"काढ बाहेर. बघू दे," कापितोलिना म्हणाली.

निगोरानं स्वेटरच्या गळ्यातून हात घातला आणि छातीशी बांधलेली ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली. सासू-सून दोघी चुलीजवळ वाकल्या. फडक्यात टोमॅटोच्या बिया होत्या. काल होत्या तशाच. करड्या, चपट्या, मेल्यासारख्या.

"नाही ना?"

"नाही, आई."

"मग बाहेर काय धरून बसलीस? गारठतील! घाल परत आत."

निगोरानं हसू दाबलं आणि पुरचुंडी परत जागच्या जागी बांधली. पण यात हसण्यासारखं काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पावसानं नको नको केलं, करपा पडला आणि कापितोलिनाच्या बागेतला एकूण एक टोमॅटो झाडावरच काळा पडून सडला. बी धरायला एक फळ हाती लागलं नाही. मुठीएवढा, गुलाबी, आतून रवाळ टोमॅटो. सायबेरियातल्या येनिसेई नदीच्या त्या काठाला तसा दुसऱ्या कुणाकडे पिकत नसे. आता उरल्या होत्या त्या या चिमूटभर बिया, कपाट झाडताना कोपऱ्यात सापडलेल्या, सासरा हयात असतानाच्या. या उठल्या नाहीत तर तो टोमॅटो संपला.

"बाजारात मिळेल की दुसरं बी," निगोराचा नवरा येगोर म्हणाला होता. आईनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की गडी ट्रक घेऊन गोठलेल्या नदीवरून उत्तरेला निघून गेला, तो अजून परतला नव्हता.

इतकं जुनं बी चुलीच्या धगीवर भाजून निघतं. त्याला अंगाचीच ऊब लागते. "माझ्या अंगात आता कुठली ऊब?" कापितोलिना म्हणाली होती. "तू दक्षिणेची. तुझं रक्त गरम. तूच ठेव." याआधी तिनं सुनेला आपल्या खिडकीतल्या रोपांना बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

निगोरा ताजिकिस्तानातल्या खोजंदकडची. तिकडे टोमॅटो कुणी उगवत नसे, तो आपला उगवायचा. खाता खाता थुंकलेली बी पाटाच्या कडेला झाड होऊन उभी राहायची. टोमॅटोपायी कुणाचा जीव असा टांगणीला लागलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. पहिल्यांदा तिला लाजच वाटली. मग ती हळू चालायला लागली. मग पालथं झोपायचं सोडलं. एकदा जिना उतरताना तिचा हात आपसूक छातीकडे गेला, आणि ती स्वतःशीच म्हणाली, काय गं बाई हे वेड!

आणि एका सकाळी तिनं फडकं उघडलं.

"आ... आई!"

"थांब, चष्मा. कुठे गेला मेला चष्मा?"

तो डोक्यावरच होता. कापितोलिना वाकली. एका बीला पांढरं टोक आलं होतं. सुईच्या अग्राएवढं. बाकीच्या बिया गप्प होत्या, ती एकटी बोलली होती. म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. निगोरा पुटपुटली, बिस्मिल्ला. कुणी कुणाला टोकलं नाही.

पानगळीच्या दिवसांत खणून पलंगाखाली ठेवलेली माती त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यात भरली आणि ती बी मातीत निजवली. बाहेर थंडीनं झाडं कडाकडा तडकत होती. काचेवर आतून बर्फ धरलं होतं. आणि अशात त्या मातीतून एक हिरवी मान वर आली, वाकलेली, डोक्यावर बीचं टरफल तसंच घेऊन. निगोरा बघतच राहिली. एवढीशी चीज, आणि हिला कुणी सांगितलं की वसंत येणार आहे? सगळा सायबेरिया एकीकडे आणि ही एकीकडे! तिच्या डोळ्यांना धार लागली.

रोपाला खरी पानं फुटली तेव्हा कापितोलिनानं डबा उचलला आणि सुनेपुढे धरला.

"घे. तुझ्या उबेवर उठलंय. तुमच्या खोलीच्या खिडकीत वाढू दे."

दोन्ही हातांनी डबा घेत निगोरा म्हणाली, "फार आभारी आहे, आई."

कापितोलिनाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं डबा हिसकावून घेतला.

"अगं बये! काय बोललीस हे? रोपाला आभार? एकुलतं एक रोप, आणि त्याचा जीव घेतलास की गं!"

"मी... मी काय केलं?"

"आभार मानून घेतलेलं रोप मूळ धरत नाही! इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"शब्द परत घेते, आई."

"परत घेते म्हणे! तो काय रुमाल आहे?"

म्हातारी डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. निगोरा तिच्यासमोर उभी, हात रिकामे. बऱ्याच वेळानं कापितोलिना उठली, डबा खिडकीत ठेवला, स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"चोर," ती म्हणाली.

"मी चोर?"

"अगं तू नव्हे चोर. रोप चोर! दिलेलं तू नासवलंस, आता चोरूनच न्यायला हवं. चोरलेल्या रोपाला कसली बाधा होत नाही. मला काही दिसत नाहीये. उचल आणि पळ!"

निगोरानं डबा उचलला, स्वेटरच्या आत छातीशी धरला. दारापाशी तिचे पाय अडखळले.

"आई, आपल्याच घरात चोरी करू?"

"मग मला काय माझ्या सासूनं हातात आणून दिलं होतं?" भिंतीकडे बघतच कापितोलिना म्हणाली. "तीही अशीच पाठ करून बसली होती."