दारातली

नवऱ्याची दृष्टी गेल्यावर प्रोग्रामर बायकोनं त्याच्यासाठी अ‍ॅप लिहिलं. दार उघडलं की त्यातला कॉलबॅक हा कोडचा तुकडा आपोआप चालायचा, आलेल्याचा कॅमेऱ्यात दिसलेला चेहरा अ‍ॅपमध्ये साठवलेल्या चेहऱ्यांशी ताडून नाव सांगायचा. अजून साठवला होता तो एकच चेहरा, तिचा.

दुपारी ती त्याचा हात हातात घेऊन बसली होती. दार उघडलं.

"बायको आली," अ‍ॅप बोललं.

दारात कोणीच नव्हतं. "कोडमध्ये काहीतरी चुकलंय," म्हणत तिनं उठून कडी घातली. ती येऊन पुन्हा त्याचा हात धरून बसते तोच दार पुन्हा उघडलं.

"बायको आली."

नवऱ्यानं हळूच आपला हात सोडवून घेतला.

"अहो, मी इथे आहे! तुमच्याजवळ!"

"दारातलीही हेच म्हणतेय," तो रडवेला झाला. "मी कोणाचं ऐकू?"