तिच्या आवडीची

वाइनसाठी नावाजलेल्या त्या हॉटेलात कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती वाइन रुचेल, हे तिथे वाइन वाढणाऱ्या मास्तरांनी चौतीस वर्षं बिनचूक सांगितलं. डॉक्टरीणबाईंना आंबटसर पांढरी, जुळ्या भावांपैकी थोरल्याला जडशी लाल; वर्षाने उगवलेल्या माणसाचीही आवड त्यांच्या जिभेवर असायची. निवृत्त झाल्यावर आज ते पहिल्यांदाच तिथे गिऱ्हाईक म्हणून आले आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटेच बसले.

"काय मास्तर, चुकून या बाजूला बसलात की काय?" त्यांच्याच हाताखाली तयार झालेली पोरगी वाइनची यादी घेऊन हसत आली.

"आज हिचा वाढदिवस गं. ती जाऊन दोन महिने झाले. म्हटलं, तिच्या नावाने तिच्या आवडीचा एक ग्लास घ्यावा."

पोरीचं हसू मावळलं. "काकूंना कोणती आवडायची?"

मास्तरांनी यादीची पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग यादी मिटून हळूच तिच्या हातात दिली.



"काय सांगू पोरी, ती जागी असताना मी कधी घरी पोचलोच नाही."