नजर जरा बाजूला

बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. त्यानंतर मी माहेरी गेले की ते बोलायचे, पण तोंड फिरवून. वर्षभर ते सोसलं आणि मग मीच जाणं बंद केलं.

दोन वर्षांनी शेजारच्या काकांचा हात धरून ते तारांगणात आले, माझ्याच दुपारच्या खेळाला.

"कर्क ही सगळ्यांत अंधुक रास," मी सांगत होते. "ग्रीक कथेतल्या एका वीराच्या पायाखाली चिरडलेल्या खेकड्याला आकाशात जागा मिळाली, पण ठळक तारा एकही नाही मिळाला. त्याच्या पोटातला तारकापुंज थेट बघू नका, हरवेल. नजर जरा बाजूला ठेवा."

"दिसला!" पहिला आवाज बाबांचाच होता.

खेळ संपल्यावर ते माझ्यापाशी आले. तोंड तसंच, भिंतीकडे.

"अजून राग गेला नाही?" मी विचारलं.

"राग कसला, वेडाबाई? तुझं लग्न झालं त्याच वर्षी डोळ्यांत मधोमध डाग पडला. थेट बघितलं की तू नाहीशी व्हायचीस, म्हणून बाजूला बघायचो. तेवढ्यात तू यायचीच थांबलीस."